दोन शरद जोशी आणि एक ॲक्टिव्हा

परवा माझी ॲक्टिव्हा टोइंगवाल्यांनी उचलून नेली आणि त्याला जबाबदार किशोर कुमार आहेत. असं मी घरी सांगितलं तर बायको म्हणाली जबाबदार तू आहेस, पन्नाशी आली तरी तुला पार्किंगचं पी वन पी टू कळत नाही. ते असो.

झालं असं की २०२५च्या ऑक्टोबरमध्ये सतीश शहा गेले आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात त्यांची दूरदर्शनवरची जुनी विनोदी सिरीयल 'ये जो है जिंदगी' घुसलेली. मग एका रविवारी जुन्या बाजारात, नळाच्या तोट्या आणि एका पायाचे बूट यांच्या मधोमध, सुरुवातीच्या एपिसोडच्या व्हीसीडी दिसल्या. तो दोनशे म्हणाला, मी शंभर म्हणालो, एकशेवीसला मिळाल्या. भाचा म्हणाला मामा नेटवर असेल की. असेल रे, पण नेटवर उद्या असेल का? आज दिसतं, उद्या रीचार्ज संपला की आपण बाहेर. ही माझी वस्तू आहे, कपाटात राहणार, असं बरंच काही मी त्याला ऐकवलं, माळ्यावरून प्लेअर काढला, माझी वस्तू आत सारली, आणि ट्रे जो आत गेला तो बाहेर यायलाच तयार नाही. माझी वस्तू माझ्याच दुसऱ्या वस्तूने गिळली.

म्हणून तपकीर गल्ली, म्हणजे पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची गल्ली.

आता इथे तुम्हाला वाटेल की पुणेरी दुकानदाराने माझा अपमान केला वगैरे. अजिबात नाही. तो विनोद आता जुना झाला, आणि हा दुकानदार तर मूळचा राजस्थानी, तिसरी पिढी, माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलणारा, इतका नम्र की मलाच अवघडल्यासारखं झालं. त्याने प्लेअर हलवून बघितला, म्हणाला, "ट्रेचा रबर बेल्ट गेलाय, पडून पडून कडक होतो, साडेतीनशे होतील, बसा." बसायला एकच स्टूल आणि त्यावर हेल्मेट घातलेले एक काका.

म्हणजे दुकानात बसून हेल्मेट. काच वर केलेली, खाली पट्टा लावलेला, आतून चष्मा. पुण्यात माणसं गाडीवर हेल्मेट घालत नाहीत, मोर्चे काढतात त्याविरुद्ध, आणि हा गृहस्थ पंख्याखाली घालून बसलाय. मी बघतोय हे बघून तेच म्हणाले, "टोइंग आलं की पळायला लागतं. काढा-घाला करण्यात वेळ जातो." दुरुस्तीला त्यांनी काहीही आणलेलं नव्हतं. त्यांची गाडी समोर उभी होती, बायको पलीकडे साडीच्या दुकानात, आणि ते इथे राखण करत होते, दुसऱ्याच्या स्टुलावर.

"कुठला पिक्चर अडकलाय?"

"पिक्चर नाही, सिरीयल. ये जो है जिंदगी."

"हां हां, फारुख शेख."

"नाही, शफी इनामदार."

"शफी इनामदार 'अर्धसत्य'मधला. इन्स्पेक्टर. तो सिरीयस माणूस, तो कशाला असलं काम करेल?"

मी म्हटलं अहो 'अर्धसत्य' ८३ सालचा, ही ८४ ची, पोटासाठी माणूस दोन्ही करतो. शफी इनामदार, त्याची बायको स्वरूप संपत, तिचा बेकार भाऊ राकेश बेदी, आणि सतीश शहा दर वेळी नवीनच कोणीतरी बनून यायचे. काका हेल्मेट हलवत "फारुख शेखच" म्हणत राहिले. इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला वयाच्या नवव्या वर्षापासून पाठ असलेल्या गोष्टीत कोणी चूक काढली की माझ्यातला शाळामास्तर जागा होतो. मी म्हटलं, "दिग्दर्शनात कुंदन शहा होते, 'जाने भी दो यारो'वाले, आणि लेखन शरद जोशींचं."

दुकानात शांतता पसरली. निदान हेल्मेटच्या आत तरी.

"कोणाचं लेखन?"

"शरद जोशी."

"शेतकरी संघटनेचे शरद जोशी?"

"नाही हो, हे वेगळे, हे हिंदीतले..."

"थांबा. माझे सासरे अंबेठाणचे. जोशीसाहेबांची शेती तिथेच. चाकणला कांद्याच्या आंदोलनात सासरे रस्त्यावर बसलेले. स्वित्झर्लंडची नोकरी सोडून आलेला माणूस तो! आणि तुम्ही म्हणताय ते रात्री घरी जाऊन नवराबायकोच्या भांडणाच्या सिरीयली लिहायचे?"

"मी तसं म्हणतच नाहीये. हे उज्जैनचे. उपहासात्मक लिहायचे."

"उज्जैनला जोशी?"

"असतात."

"जोशी एक वेळ मानतो. पण शरद?"

आता याला काय उत्तर आहे? मी दुकानदाराकडे बघितलं. तो स्क्रू काढता काढता म्हणाला, "आमच्या गल्लीत तीन महेश आहेत." यावर काका म्हणाले महेशचं वेगळं. का वेगळं ते नाही सांगितलं. तेवढ्यात एक पोरगा मंडळाचा ॲम्प्लिफायर घेऊन आत आला, त्याला कशाचा कशाला पत्ता नाही, पण त्याने माझ्याकडे आणि काकांकडे आळीपाळीने बघितलं आणि मलाच म्हणाला, "जाऊ द्या ना साहेब, सॉरी म्हणा, वयस्कर माणूस आहे."

आणि मी म्हणालो सॉरी! हे लिहिताना अजून कान गरम होतात. तपकीर गल्लीत एका हेल्मेटपुढे उभा राहून मी म्हणालो की मला शेतकऱ्यांबद्दल आदर आहे, कांद्याला भाव मिळालाच पाहिजे, आणि मी कोणाच्याही सासऱ्यांविरुद्ध नाही. काका म्हणाले, "तेच म्हणतोय. माहिती नसेल तर बोलू नये."

माहिती नसेल तर! मला! ज्या पोराने सदाशिव पेठेतल्या वाड्यात पत्र्यावर चढून सिंहगडाच्या टॉवरकडे तोंड करून अँटेना धरलाय, खालून "आलं, गेलं, आलं, हात काढू नको" ऐकत, त्याला. टीव्ही आमच्या वाड्यात एकच, खालच्या बिऱ्हाडातल्या काकूंकडे, आणि काकूंचा नियम की पाय धुऊन यायचं आणि सतरंजीच्या चौकटीबाहेर बसायचं नाही. सतीश शहा आले की सगळे हसायचे, मी पत्र्यावर हसायचो, कारण हसण्याचा आवाज वर यायचा, चित्र यायचं नाही. त्यामुळे अर्धे एपिसोड मी फक्त ऐकलेत. व्हीसीडी घेण्याचं खरं कारण हेच होतं, पण हे त्या दुकानात कोणाला सांगणार?

असो. बेल्ट बसला, ट्रे बाहेर आला, दुकानदार म्हणाला चेक करून घ्या. त्याने दुकानातल्या टीव्हीला जोडलं, आवाज चेक करायचा म्हणून पूर्ण वर नेला, आणि किशोर कुमारांनी टायटल साँग सुरू केलं. दुकानच काय, समोरचं वायरचं दुकानही दणाणलं. मी काकांना म्हटलं आता बघा, नावं येतील, वाचा तुम्हीच, सगळं लिहिलेलं असेल. काका उठले. मला वाटलं वाचायला उठले. तर ते सरळ दुकानाबाहेर, पायऱ्या उतरून, त्या वयात काय पळाले हो. मी पडद्याकडे डोळे लावून. व्हीसीडीत चित्र म्हणजे ३५२ बाय २८८ ठिपके, दुकानातला टीव्ही भिंतीएवढा, त्यामुळे अक्षरं म्हणजे नुसते मुंग्यांचे पुंजके, आणि मी नाक लावून जोशी शोधतोय.

बाहेर टोइंगची गाडी भोंग्यावरून नंबर पुकारत होती. माझा नंबर. तीन वेळा पुकारला म्हणे. मला किशोर कुमार ऐकू येत होते.

काका परत आले ते गाडी वाचवून, स्टुलावर बसले, म्हणाले, "एक ॲक्टिव्हा गेली. मी विचारलं, कोणाची आहे, कोणाची आहे, कोणी बोललंच नाही."

"कसली? ग्रे?"

"ग्रे."

मी बाहेर गेलो तर ॲक्टिव्हाच्या जागी रस्त्यावर खडूने काहीतरी लिहिलेलं. वर पाटी, पी वन. आता गाडी विषम तारखेला इथे लावायची की लावायची नाही, आणि पी टू म्हणजे समोर की उद्या, हे मला वीस वर्षं कोणीतरी समजावतंय. सम-विषम शाळेत कळलं होतं मला, चांगले मार्क होते. बरं, चुकलं माझं, दंड घ्या. पण या गल्लीत येणाऱ्या माणसाच्या हातात मिक्सर असतो, स्पीकर असतो, प्लेअर असतो. तो गाडी लावणार कुठे? वाहनतळ भरलेला, बसमध्ये हातात प्लेअर घेऊन उभं राहायला जागा नाही, रिक्षावाला पेठेत यायला नाही म्हणतो. गाडी सोडवायला गेलो तिथे दंड वेगळा, उचलणावळ वेगळी. माझी गाडी मला न विचारता उचलल्याबद्दल मीच मजुरी द्यायची. हे मला विनोदी वाटत नाही, आणि इथे विनोदी लिहायची जबाबदारी माझ्यावर नाहीये.

घरी आलो तर नवीन टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी पिन लावायला जागाच नाही. कन्व्हर्टर लागतो. तो मिळतो तपकीर गल्लीत. भाच्याने कुठून तरी आणला, लावला, आणि चित्र ताणून पूर्ण पडदाभर केलं. राकेश बेदी तेव्हा किती बारीक होता हे दाखवायचं होतं मला, तो दिसला पोळपाटासारखा. मी म्हटलं चौकोनी कर, भाचा म्हणाला बाजूला काळ्या पट्ट्या येतात, एवढ्या मोठ्या टीव्हीचे पैसे कशाला दिले मग. दहा मिनिटांनी म्हणाला हे दीडपट स्पीडला लावता येतं का.

बायको मात्र मन लावून बघत होती. दोन एपिसोड झाल्यावर म्हणाली, "हा मेहुणा इथे राहतो, खातो, नोकरी नाही, आणि ती बिचारी काहीच बोलत नाही त्याला." मी काही बोललो नाही. तिचा भाऊ आमच्याकडे 'फक्त परीक्षेपुरता' आला होता तो आठ महिने राहिला, माझी इस्त्री केलेली सॉक्सची जोडी वापरायचा (सॉक्सला इस्त्री करतो मी, हो, करतो). ती म्हणाली, "काय झालं, चेहरा का असा केलास?" मी म्हटलं पिक्सेल बघतोय.

आणि सगळ्यात वाईट सांगू का. एक प्रसंग आहे, सतीश शहा खांद्यावर गॅसचा सिलेंडर घेऊन येतात आणि तो खाली ठेवायला जागाच सापडत नाही, सगळ्या घरभर फिरतात. चाळीस वर्षं मी हा लग्नाकार्यात करून दाखवतोय, लोक हसतात. पहिली डिस्क संपली, नाही. दुसरी संपली, नाही. भाचा म्हणाला, मामा, तू खरंच बघितलंयस का हे? मी म्हटलं ऐकलंय. पत्र्यावर फक्त भांडी पडल्याचा आवाज आणि खालचं हसणं आलं होतं बहुतेक, सिलेंडर मी घातला. आता एवढं कळल्यावर फारुख शेखबद्दलही पोटात जरा धाकधूक होते. पण नाही, शफी इनामदारच आहेत, आडवे झालेले असले तरी.

काल तिसरी डिस्क घातली, ट्रे पुन्हा अडकला. दुकानदाराला फोन केला. म्हणाला, "आणा, बेल्ट बदलून देतो, पैसे नकोत." मग जरा थांबून म्हणाला, "ते हेल्मेटवाले काका आले होते. विचारत होते, ते दुसरे शरद जोशी कुठले म्हणाले होते?"

"उज्जैनचे."

"सांगतो."

"आणि त्यांना सांगा, ती ग्रे ॲक्टिव्हा माझी होती."