छातीतील ‘शॉकच्या मशीन’विषयी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

लातूर-बीड भागातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या असा संदेश फिरत आहे की, हृदय कमजोर झालेल्या रुग्णाला ‘शॉकचे मशीन’ बसवले की गोळ्या बंद होतात, विहिरीवरील मोटारीजवळ जाता येत नाही आणि शेवटी जीवही सुटत नाही.

यातले गोळ्यांविषयीचे विधान सर्वांत घातक आहे. छातीच्या वरच्या भागात कातडीखाली बसवलेली आयसीडीची (म्हणजेच या ‘शॉकच्या मशीन’ची) छोटी डबी ठोक्यांवर लक्ष ठेवते आणि ते प्राणघातक रीतीने बिघडल्यास झटका देते. हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद ती वाढवत नाही, म्हणून गोळ्या, कमी मीठ आणि रोज सकाळी वजन करणे सुटत नाही. किंबहुना किमान ३ महिने योग्य औषधे घेऊनही ईएफ (दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातील किती टक्के रक्त बाहेर ढकलले जाते, तो आकडा) ३५ टक्के किंवा त्याखाली राहिला, तरच बहुधा हे यंत्र बसवण्याचा सल्ला दिला जातो.

स्टार्टरचे बटण खुशाल दाबावे, चालू मोटारीवर मात्र ओणवे होऊ नये. मोबाइल यंत्रापासून १५ सेंटीमीटर दूर असावा (आपल्या सदऱ्याचा खिसा नेमका डावीकडे, आणि यंत्रही बहुधा तिकडेच!).

यंत्र मृत्यू अडवत नाही. अखेरच्या आजारात झटक्यांनी हाल होऊ नयेत म्हणून झटक्याची सोय शस्त्रक्रियेविना बंद करता येते, आणि याविषयी डॉक्टरांशी यंत्र बसवण्याआधीच बोलून घ्यावे.