प्रार्थनेला उत्तर नाही म्हणजे विश्वास कमी? त्या मेसेजबद्दल खुलासा

सध्या वेंगुर्ला-मालवणकडच्या आपल्या ख्रिस्ती ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की प्रार्थना करून पण आजार बरा होत नसेल तर तुमचा विश्वास कमी, आणि गोळ्या चालू ठेवणं म्हणजे देवावर संशय घेणं. हे साफ चुकीचं आहे. पुरावा म्हणून बायबलमधलं मत्तय 17:20 दिलंय, म्हणजे शिष्यांना एका आजारी पोराला बरं करता आलं नाही तेव्हा येशू म्हणाला की तुमचा विश्वास कमी म्हणून, पण ते बोल येशूने शिष्यांना सुनावलेत, आजारी पोराला किंवा त्याच्या बापाला नाही, उलट मार्क 9:24 मध्ये तोच बाप कळवळून म्हणतो की माझा अविश्वास घालव, आणि तरी पोरगा बरा होतोच. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारा त्रास, जावा म्हणून देवाला तीनदा विनवलं, काटा गेला नाही, कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर मिळालं, मग पौलाचा विश्वास कमी होता का? आणि औषधाचं म्हणाल तर शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, आपल्या वेंगुर्ल्यात तर मिशनऱ्यांनीच दवाखाना चालवला.

आमच्या वाडीतल्या एका मावशींनी हे वाचून बीपीच्या गोळ्या पिठाच्या डब्यामागे ठेवून दिल्या, स्ट्रिप तशीच भरलेली, आणि वर स्वतःलाच दोष देत बसल्या, फार वाईट वाटलं बघून. गोळ्या बंद करू नका, प्रार्थना पण सोडू नका, शंका असेल तर फादरांशी नाहीतर पास्टरांशी बोला, आणि तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका.