‘ऐकेपर्यंत ताट वाढू नका’ हा मेसेज पुढे पाठवू नका

सांगलीत विश्रामबागच्या एका आईला सासूबाईंनीच हा फॉरवर्ड पाठवला: ‘पीडीए वगैरे फॅड आहे. पोर हट्टी आहे. ऐकेपर्यंत ताट वाढू नका, छडी दाखवा, तीन दिवसांत सुतासारखं सरळ होतं.’ तिच्या मुलाला ऑटिझम आहे. कुणी काही करायला सांगितलं की तो भीतीने अडतो, यालाच पीडीए (पॅथॉलॉजिकल डिमांड अव्हॉयडन्स) म्हणतात.

आधी ताटाचं. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना भूक लागलेली नीट कळत नाही, चालणारे पदार्थही मोजकेच असतात. ‘आधी ऐक, मग जेव’ म्हटलं की जेवण हाच हुकूम होतो आणि आवडीचा दहीभातसुद्धा तोंडात जात नाही. उपाशी राहून गप्प झालेलं पोर सुधारलेलं नसतं, थकलेलं असतं. हे करू नका. एक वेळसुद्धा नाही.

हट्टी पोर हवं ते मिळालं की थांबतं. इथे आठवडाभर ‘गणपती मंदिरात जाऊया’ म्हणून मागे लागलेलं पोर ‘चल, चप्पल घाल’ ऐकताच उंबऱ्यात बसतं, ‘माझे पाय चालत नाहीत’ म्हणतं. जायचं त्यालाच असतं!

फॅड म्हणावं, तर इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ न्यूसन यांनी १९८०च्या दशकात हे नाव दिलं, २००३ मध्ये शोधनिबंध आला. डीएसएम-५ आणि आयसीडी-११ या डॉक्टरांच्या निदान-याद्यांमध्ये हे वेगळं निदान नाही, हे मात्र खरं. रिपोर्टवर ऑटिझमच लिहिलेलं असेल.

छडीचं म्हणाल, तर शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: शाळेत मारायला बंदी.

आता करायचं काय? सकाळी ऊठ, दात घास, दूध पी, आंघोळ कर असे किती हुकूम सुटतात ते मोजा आणि निम्मे गाळा. रस्ता, गॅस, औषध यांत तडजोड नाही. ‘दूध पी’ऐवजी ‘दूध गार व्हायला लागलंय’ म्हणा आणि तिथून बाजूला व्हा. उभं राहून वाट पाहणं हाही दबावच. बक्षिसाचे स्टार लावले तर तोही हुकूमच होतो, म्हणून दोन-चार दिवसांत तक्ता फाटतो. भडका उडाला की बोलणं बंद, टीव्ही बंद, माणसं बाहेर. पाण्याचा तांब्या हाताशी ठेवा, ‘पी’ म्हणू नका. ‘असं का केलंस’ हे त्या दिवशी विचारूच नका.