चंद्रभागेचं पाणी, उकळायचं नाही म्हणे!

सासूबाई कार्तिकीहून येताना कॅनभर चंद्रभागा आणतात, देवघरात ठेवतात. त्याबद्दल माझं कधीच काही म्हणणं नव्हतं. पण परवा घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि मागोमाग नणंदेचा फोन. "वहिनी, त्यातलं थोडं पाणी पाठवा. नातवाला रोज चमचाभर द्यायचंय. उकळायचं नाही म्हणे." नातू चार महिन्यांचा आहे. म्हणून हे लिहितेय, आणि चिडूनच लिहितेय.

मेसेजचं म्हणणं असं: पवित्र नद्यांच्या पाण्यात जंतू जगत नाहीत, हे १८९६ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञानं सिद्ध केलं. उकळलं की त्याची शक्ती जाते. नदीकाठच्या यात्रांमध्ये कधीच साथ आली नाही. मेडारमच्या जत्रेत आदिवासी असंच पाणी पितात आणि ठणठणीत राहतात. लहान मुलांना पाजा, प्रतिकारशक्ती वाढते.

इंग्रज खरा आहे, तेवढं मान्य. अर्नेस्ट हँकिन. आग्र्याला सरकारी प्रयोगशाळेत होता. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू मरतात, बारीक गाळणीतून गाळलं तरी मरतात, पण पाणी उकळलं तर तो गुण जातो, असं त्यानं १८९६ मध्ये छापलं. 'उकळू नका' आलं ते इथून. जंतूंना खाणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरियोफेज किंवा नुसते फेज, सापडले १९१५ ते १९१७ च्या सुमारास, आणि हँकिनला दिसलं ते यांचंच काम असावं असं पुढे मानलं गेलं.

आता मेसेजवाल्यानं गाळलेला भाग. एक फेज एखाद्याच जातीच्या जंतूमागे लागतो. पटकीचा फेज पटकीलाच मारणार. काविळीचा विषाणू, जुलाब लावणारा रोटाव्हायरस, अमीबा यांच्या वाटेला तो जात नाही. शिवाय फेज वाढतो कुठे, तर त्याचं खाद्य असेल तिथे. आतड्यातल्या जंतूंचे फेज पाण्यात सापडले तर पाणी तपासणारे ती मैला मिसळल्याची खूण धरतात! ज्या गोष्टीवरून पाणी शुद्ध ठरवायला निघालात, तीच पाणी घाण असल्याचा पुरावा. उकळल्यावर फेज मरतात हे खरंच आहे, पण सोबत आजाराचे जंतूही मरतात, आणि आपण उकळतो ते त्यासाठीच.

बरं, हँकिननं तपासली गंगा-यमुना. आपली चंद्रभागा म्हणजे भीमा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं, तिथून उजनीत, आणि उजनीतून सोडलेलं पाणी पंढरपुरात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशभरातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यात भीमाही आहे. २०१६ मध्ये नदी स्वच्छ करायला 'नमामि चंद्रभागा' अभियान काढावं लागलं ते काय पाणी फार निर्मळ होतं म्हणून?

यात्रेत साथ आली नाही, हे तर लिहवलं कसं? १८६७ च्या हरिद्वारच्या कुंभात पटकी पसरली आणि यात्रेकरूंबरोबर गावोगाव गेली. आणि इतक्या लांब कशाला, पटकीची सुई टोचल्याशिवाय वारीला सोडत नसत, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

मेडारमचं थोडक्यात. ही जत्रा तेलंगणात, सम्मक्का-सारलम्मांची, दर दोन वर्षांनी माघात भरते. आपल्याकडच्या तेलुगू घरांना ती सांगायला नको. जंपन्ना वागू नावाच्या ओढ्यात लोक बुडी मारतात आणि देवीला गूळ वाहतात. ते आंघोळीचं पाणी आहे, आणि जत्रेसाठी ते लक्नवरम तलावातून सोडावं लागतं. तिथल्या कोया आदिवासींच्या श्रद्धेचा आपल्या फॉरवर्डसाठी दाखला देणाऱ्यानं एकदा तिथे जाऊन यावं.

राहिलं बाळ. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं साधं पाणीही नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उकळलेलं असलं तरी नको. मग नदीचं, न उकळलेलं, कॅनमध्ये आठवडाभर राहिलेलं पाणी चार महिन्यांच्या जिवाला? नणंदेला मी फोनवर हेच सांगितलं. पाणी पाळण्यावर शिंपडा, देवाला अभिषेक करा, पण त्याच्या तोंडात थेंब जाता कामा नये. आणि कुणी आधीच पाजलं असेल, बाळाला जुलाब लागले असतील, तर अंगावर पाजणं चालू ठेवून लगेच डॉक्टरकडे न्या.