फुकट बैठक आणि दीडशेचं तिकीट

आमच्या डोंबिवलीतल्या गाण्याच्या बैठकीला पहिली चार वर्षं तिकीट नव्हतं. दाराशी एक पत्र्याची पेटी, वर चिठ्ठी: ‘ऐच्छिक देणगी’. रात्री ती उघडायचं काम माझ्याकडे. दहाच्या नोटा, चिल्लर, एकदा तर औषधाच्या दुकानाची पावती निघाली. सव्वाशे खुर्च्या मांडायचो, साठेक लोक यायचे. त्यातले निम्मे सुरुवातीचा संथ, विलंबित ख्याल रंगात आला की आत शिरायचे आणि मध्यंतरातला चहा घेऊन पसार व्हायचे. कलाकाराच्या हातात पाकीट देताना मी खाली बघायचो.

आमच्यातला एक मित्र दर वेळी रेडिओहेडचा दाखला द्यायचा. या इंग्लिश बँडने २००७ मध्ये नवा अल्बम आपल्या वेबसाइटवर ठेवला आणि सांगितलं, वाटेल ते पैसे द्या, काहीच नाही दिलंत तरी चालेल. अरे बाबा, त्यांचं नाव तोवर जगभर झालं होतं! आमच्याकडे येणाऱ्या पंचविशीतल्या गायिकेला कोण ओळखतं? तिचं मोल काय, हे लोकांना आम्हीच सांगत होतो. आणि चिठ्ठीवर सांगत होतो, द्या काय द्यायचं ते.

पाचव्या वर्षी दीडशे रुपये तिकीट लावलं. सभेत मी विरोधात भांडलो होतो, हे कबूल करतो. कार्यक्रम साडेसहाचा, तर सहालाच जिन्यावर रांग. गायिका तीच, जी दोन वर्षांपूर्वी देणगीपेटीच्या भरवशावर गाऊन गेली होती. शेवटच्या भैरवीपर्यंत कुणी हललं नाही. निघताना एक काका म्हणाले, “आवाज काय सुधारलाय हो हिचा!” सुधारला असेलही. मला मात्र वाटतं, त्या दिवशी काकांचे दीडशे रुपये ऐकत होते.

सारेगामा या संगीत कंपनीने २०१७ मध्ये ‘कारवाँ’ काढला तेव्हा मी हसलो होतो. पाच हजार जुनी गाणी भरलेला रेडिओसारखा डबा, किंमत सहा हजारांच्या घरात. त्यातली कितीतरी गाणी यूट्यूबवर फुकट! तरी घरोघरी गेला. आमच्याकडेही आला, आईने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. बाबा मोबाइलवर गाणं लावतात आणि दुसऱ्या कडव्याच्या आत बदलतात. तेच गाणं कारवाँवर लागलं की घरात कुणाला बोलू देत नाहीत. मी स्वतः महिन्याला शे-सव्वाशे भरून कोट्यवधी गाणी खिशात घेऊन फिरतो. गेल्या महिन्यात एक तरी अख्खं ऐकलं का, आठवत नाही.

तर तिकीट हवंच, या मतावर मी आलो आहे. फक्त एक गोष्ट टोचते. पहिल्या रांगेत डावीकडे एक आजोबा बसायचे, गिरणीतून निवृत्त झालेले. मांडीवर बोटांनी ताल धरायचे, समेवर मान हलायची. पेटीतली घडी घातलेली दहाची नोट बहुधा त्यांचीच. तिकीट लागल्यापासून दिसले नाहीत. परवा भाजी घेताना भेटले. म्हटलं, “पुढच्या वेळी पास आणून देतो घरी.”

“नको रे,” म्हणाले, “गुडघे दुखतात, तुमचा तो जिना चढवत नाही.”

जिना आधीही तोच होता.