रडायचं जरा थांबा, फोकस होतोय

लग्नाच्या फोटोवाल्याला हल्ली एकच तंबी मिळते : "पोझवाले नकोत हं, भावना हव्यात." आम्ही मान डोलावतो. भावना टिपायची तर ती यायच्या आधी तिथे हजर असावं लागतं, आणि तिथे आधीच मोबाइल उंचावलेले दोन काका आणि व्हिडिओवाल्याचा दिवा ठाण मांडून असतात.

पहिली गाठ या दिव्याशी. तो समोरून थेट तोंडावर पडला की सगळ्या सावल्या पुसल्या जातात आणि नवरी पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी दिसते. व्हिडिओवाल्याला चहा पाजावा आणि दिवा बाजूला, साधारण ४५ अंशांवर, डोळ्यांच्या जरा वर धरायला लावावा. नाकाची सावली गालावर उतरते, बुबुळात चमक येते, चेहरा जिवंत होतो. चहाचा खर्च बिलात लावता येत नाही.

मग हसू. द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने माणसांच्या चेहऱ्याला विजेचे झटके देऊन कोणता स्नायू काय करतो ते पाहिलं आणि १८६२ साली फोटोंसकट छापलं. ओठांचे कोपरे हुकमावर वर जातात, डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र खऱ्या आनंदाशिवाय हलत नाही, असं त्याचं म्हणणं. कार्यालयात झटके देण्याची सोय नसल्याने आम्ही "स्माइल प्लीज" म्हणतो आणि फक्त ओठ मिळवतो. उपाय एकच : क्लिक केल्यावर कॅमेरा खाली घ्यायचा नाही. "झालं एकदाचं" म्हणून खांदे सैल पडतात, दोघं एकमेकांकडे बघून फिसकन हसतात. खरा फोटो तो. कानपिळीला तर काही सांगावंच लागत नाही. नवरीचा भाऊ कान पिळतो तेव्हा नवरदेवाचा चेहरा आपोआप प्रामाणिक होतो.

मंगलाष्टकांत वेगळीच पंचाईत. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून कार्यालयातले बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर, म्हणजे कॅमेऱ्याची झडप, सेकंदाचा १/५०० भाग उघडी ठेवली तर कधी फोटोवर काळपट पट्टे येतात, कधी अख्खी फ्रेमच पिवळी. १/१०० वर ते थांबतं, पण मग अक्षता रेघा होऊन पडतात. पडू देत. अंतरपाट दूर होतानाचे डोळे स्थिर असले की रेघा शोभून दिसतात. अडचण अशी, की कॅमेऱ्याचा ऑटोफोकस त्या क्षणी डोळे सोडून मुंडावळ्यांचे मोती पकडतो. मोती काय लखलखीत येतात! म्हणून फोकसचा एकच ठिपका निवडावा आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवावा.

डीजेवाल्याने जांभळा प्रकाश सोडला असेल तर व्हाइट बॅलन्सला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंग सुधारणाऱ्या सोयीला, साकडं घालू नये. प्रकाशात जे रंगच नाहीत ते तो आणणार कुठून? असे फोटो निमूटपणे कृष्णधवल करावेत. लोक त्याला कलात्मक म्हणतात, आपण नाकारू नये.

आणि पाठवणी. ८५ मिमीची लेन्स, अंतर दोन मीटर, अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) एफ/१.८ : फोकसमध्ये येते जेमतेम ६ सेंटिमीटर जाडीची जागा. तेवढ्यात लेक मावते. तिच्या गळ्यात पडून रडणारी आई धूसर होते. एफ/४ वर जवळपास १३ सेंटिमीटर मिळतात, दोघी येतात. तोंड लहान झाल्याने प्रकाश कमी येतो; त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ३२०० करावा लागला तरी बेलाशक करावा. फोटोत रवा, म्हणजे दाणे, दिसला म्हणून कुणी रडायचं थांबत नाही, पण हललेला फोटो कुणी ठेवून घेत नाही. दाराबाहेर ऊन असेल तर प्रकाशाचं मोजमाप चेहऱ्यावरून घ्यावं, नाहीतर अंगण छान येतं आणि माणसं काळी.

मुख्य म्हणजे या वेळी "ताई, इकडे बघा" म्हणायचं नाही. बघितलं की रडू थांबतं, केस सारखे होतात, ओठांचे कोपरे वर जातात.

एवढं सगळं साधून अल्बमसाठी फोटो पाठवावेत, तर आत्याबाईंचा निरोप येतो : "रडतानाचे काढून टाका, नाक लाल दिसतंय. आणि पैठणीचा काठ एकाही फोटोत पूर्ण नाही." काठासाठी एफ/८ पुरतो, आणि आत्याबाई अजिबात हलत नाहीत.