करडईच्या बोंडातली माशी आंब्याच्या मोहोरावर जात नाही

परभणीकडच्या माझ्या मामांनी ज्वारीच्या कडेने पेरलेली करडई उपटायला काढली होती. शेजारी केशरची कलमं आहेत आणि शेतकऱ्यांच्या ग्रुपवरून एक मेसेज आला. त्याचं म्हणणं असं: करडईच्या बोंडातली पांढरी अळी म्हणजे आंब्या-पेरूची फळमाशीच, ती तिथून मोहोरावर जाते. तेव्हा करडई उपटा, नाहीतर फळमाशीचे सापळे लावा आणि फुलोऱ्यात दर आठवड्याला फवारा. शिवाय असल्या करडईचं तेल विषारी. खाली ‘बळीराजाच्या हितासाठी पुढे पाठवा’. उभं पीक मोडायला सांगण्यात कुणाचं हित आहे?

सगळ्यात अडाणी मुद्दा मोहोराचा. आंब्याची माशी, म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, अंडी घालते ती तयार होत आलेल्या, पिकायला लागलेल्या फळाच्या सालीखाली. तिच्या अळीला गर लागतो. मोहोरात तिने खायचं काय? करडईतली माशी वेगळी, तिचं नाव अकँथिओफिलस हेलियांथी. ती वाढते सूर्यफुलाच्या कुळातल्या झाडांवर, त्यातही करडई आणि तिच्या काटेरी भाऊबंदांच्या बोंडांत. मादी कळीत अंडी घालते, अळी आतला मऊ भाग आणि कोवळे दाणे खाते, कोषही बोंडातच करते. आंब्याचं फळ तिच्या काहीच कामाचं नाही.

दोन्ही माश्या टेफ्रिटिडी या एकाच कुळातल्या, हे मान्य. पण या कुळात एका जातीच्या झाडापलीकडे न जाणाऱ्या माश्याही आहेत. १९६३ साली निलगिरीत क्रॉफ्टन वीड या उपद्रवी तणावर प्रोसेसिडोकॅरीस युटिलिस नावाची याच कुळातली माशी न्यूझीलंडहून आणून मुद्दाम सोडली. ते तणही सूर्यफुलाच्याच कुळातलं. ती माशी त्या तणाच्या खोडावर गाठी करते आणि बाकी पिकांना हात लावत नाही, म्हणून तर सोडता आली.

तरीही शंका असेल तर अळी लागलेली चार बोंडं काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला मलमलचं फडकं बांधा आणि माश्या निघेपर्यंत थांबा. निघेल ती बारीक, राखाडी, पंखांवर ठिपके असलेली. आंब्याची माशी अंगाने मोठी, पाठीवर पिवळे पट्टे, पंख स्वच्छ आणि फक्त पुढची कड काळसर. ओळखायला भिंग लागत नाही.

आता सापळे. त्यातलं आमिष म्हणजे मिथाइल युजेनॉल हे वासाचं रसायन. सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्यांचे नर झेपावतात, हे बिहारमधल्या पुसा इथे काम करणाऱ्या एफ. एम. हॉलेट यांनी १९१२ साली नोंदवलं आणि १९१५ साली त्यामागे मिथाइल युजेनॉल असल्याचं दाखवलं. आजचे सापळे त्याच शोधावर उभे आहेत. त्या वासाला ठरावीक जातींचेच नर येतात, आणि करडईची माशी त्यांत नाही. गोम अशी की शेजारी पेरूची बाग असेल तर करडईतल्या सापळ्यातही बागेकडचे नर पडतील, आणि माणूस म्हणेल, बघा, मेसेज खरा निघाला! दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा उत्तम आहे, पण तो आंब्याच्या बागेत लावा.

फवारणीच्या सल्ल्याचा मला खरा राग आहे. फुलोऱ्यात करडईवर मधमाश्यांची झुंबड असते. तेव्हा दर आठवड्याला विष मारलं तर मरतील त्या मधमाश्या आणि बोंडातल्या अळीवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या. अळी बोंडाच्या आत सुरक्षित राहील. खर्च शेतकऱ्याचा, आणि मारणाऱ्याच्या नाकातोंडात औषध जाणार ते वेगळंच.

ही माशी नुकसान करतच नाही, असं मी म्हणत नाही. लागलेलं बोंड काळं पडून कुजतं, दाणे पोचट निघतात. प्रादुर्भाव खरंच जास्त दिसला तर कळ्या लागतानाच जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. मळणीनंतर किडकी बोंडं बांधावर टाकू नका, आत कोष असतात. आणि खिशात थोडेच पैसे असतील तर ते आधी मावा या रस शोषणाऱ्या किडीवर खर्च करा, करडईला सगळ्यात जास्त तोच बुडवतो.

तेलाच्या विषाबद्दल मेसेजमध्ये पुरावा म्हणून एक ओळही नाही. अळी दाणा खाते, त्यात विष सोडत नाही. पोचट दाणा मळणीनंतर उफणताना उडून जातो आणि घाण्यावर जातो तो भरलेला.